तिसरा रकाना

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत की कविता लिहिली नाही. माझ्यावर माणसे लिहिली जात, आणि तीही आकड्यांत.

माझा जन्म १९८० सालचा, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला. कुठल्याशा कारखान्यात एक मोठे यंत्र आले होते. त्याचे लाकडी खोके फोडून उरलेल्या फळ्या धाकू सुताराने जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि मला आकार दिला. मग काळा रंग लागला. पांढऱ्या तेलरंगाने माथ्यावर ‘रस्ता अपघात’ असे लिहिले गेले. खाली तीन रकाने आखले. पहिला ‘अपघात’, दुसरा ‘जखमी’, तिसरा ‘मृत’. आडव्या ओळी दोनच होत्या. वरची चालू वर्षाची, खालची मागील वर्षाची. एखाद्या वर्गात मुलांसमोर उभे राहायला मिळेल, असे मला वाटत होते. मला नेऊन टांगले ते वाहतूक पोलिसांच्या चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर.

ही चौकी एका उताराच्या पायथ्याशी होती. वर टेकडीकडे दगडाच्या खाणी, खाली बाजार. खडीने भरलेले ट्रक दिवसभर वरून खाली येत. तो सगळा उतार मला भिंतीवरून दिसे.

माझी देखभाल सहदेव हवालदारांकडे होती. ते मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. सहदेवांचे अक्षर फार सुरेख. खडू पाण्यात बुडवून ते लिहीत. ओल्या खडूचे अक्षर आधी दिसतच नाही, सुकले की पांढरेशुभ्र उमटते आणि वाऱ्याने पुसले जात नाही. तुम्हीही करून पाहा. पण मला त्या युक्तीची नेहमी भीती वाटे. ते लिहून हात खाली घेत तेव्हा मी कोराच असे. मग आकडा माझ्या आतून आल्यासारखा हळूहळू वर येई.

दर एक जानेवारीला वरच्या ओळीतले आकडे खालच्या ओळीत उतरत आणि वर तीन शून्ये येत. ती शून्ये सहदेव फार जपून काढत. वर्षभर तशीच राहावीत, असे त्यांना वाटत असावे.

खारदांड्याहून रोज सकाळी पहिल्या बसने कोळणी येत. सुके बोंबील, सोडे, जवळा यांनी भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन उतार ओलांडून बाजारात जात. त्यांत पुतळाबाई सगळ्यांत वडीलधारी, आणि तिच्यामागे तिची सून मथुरा. पुतळाबाई माझ्यासमोर थांबल्याशिवाय कधी पुढे गेली नाही.

“काय रं हवालदार, आज काय लिवलंस? मना तर वाचता येत नाय.”

“तीन घरं आहेत, मावशे. ठोकर, जखमी आणि मेलेले.”

“मंग मना तिसऱ्या घरात नको घालूस हां. तिथं लय गर्दी होईल.”

“तुमका घालूक माझो खडू पुरायचो नाय,” सहदेव म्हणत, आणि मथुरा पदर तोंडाला लावून हसे.

आता थोडे गणित करू, मित्रांनो. १९८१ साली माझ्यावर बावीस अपघात लिहिले गेले, पुढच्या वर्षी तेवीस. मृत दोन्ही वर्षी एकेक. तेव्हा उताराचा रस्ता खड्ड्यांचा होता. ट्रक खडखडत, आदळत, साखळ्या वाजवत खाली येत. कुणाचा दिवा फुटे, कुणाची सायकल वाकडी होई, कुणाचे ढोपर फुटे. सगळे वैतागले होते. १९८३ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर नवे डांबर पडले. रस्ता असा झाला की बसलेल्या माणसाच्या पोटातले पाणी हलत नसे. त्या वर्षी अपघात सतरा झाले. १९८४ साली बारा. १९८५ च्या डिसेंबरपर्यंत नऊ.

माझे कौतुक सुरू झाले. चौकीचे साहेब पाहुण्यांना घेऊन येत, काठीने माझा पहिला रकाना दाखवत आणि म्हणत, “बघा, दरवर्षी उतरता आकडा.” एकदा मला झेंडूचा हारही घातला. हाराने माझा तिसरा रकाना झाकला गेला. तो कुणी बाजूला केला नाही.

तिसऱ्या रकान्यात काय होते? नवा रस्ता झाला त्या वर्षी दोन. पुढच्या वर्षी तीन. त्यापुढे, वर्ष संपायच्या आधीच, तीन. अपघात कमी होत होते आणि माणसे जास्त मरत होती. मला आणखीही काही दिसले होते, ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. मेलेल्यांपैकी एकाच्या डोक्यावर धुण्याचे गाठोडे होते. एकीच्या डोक्यावर लाकडाची मोळी. एक खाणीवरची बाई घमेले घेऊन चालली होती. बाकीचेही तसेच. सगळ्यांना ठोकर बसली ती उताराच्या बाजूने, आणि ठोकर बसण्याआधी प्रत्येक वेळी रस्ता गप्प होता. कागदावर मात्र एकच वाक्य लिहिले जाई : ‘पादचारी अचानक आडवा आला.’

मला बोलता आले असते तर!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहदेव पुतळाबाईवर रागावले. ती सरळ समोर बघत रस्ता ओलांडून आली होती.

“मावशे, उताराकडे बघायचं तरी! डोळे दिलेत ना देवाने?”

पुतळाबाईने पाटी खाली उतरवली. डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून तिने सहदेवांच्या पुढे धरली. “घे. टोपी काढ. पाटी घे डोक्यावर आन् तूच बघ.”

“माका काय करूचा हा?”

“घाबरला गो हवालदार!” मथुरा म्हणाली. बाकीच्या कोळणी हसायला लागल्या.

सहदेवांनी टोपी काढली. दोघींनी मिळून पाटी त्यांच्या डोक्यावर चढवली. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते एक पाऊल पुढे आले.

“आता बघ उताराकडं.”

सहदेवांनी मान वळवली. पाटी कलली आणि चार बोंबील त्यांच्या खांद्यावरून खाली पडले.

“पडले! धर धर!” सगळ्या खिदळल्या.

“बघितलंस?” पुतळाबाई म्हणाली. “मान नाय वळत. अख्खा मानूस वळवायला लागतो. भररस्त्यात कोन असं गरगर फिरतंय? आमी कानानं रस्ता वलांडतो, बाबा. माझ्या सासूनं शिकवलंय. गाडी वाजली की थांबायचं, नाय वाजली की चालायचं.”

तेवढ्यात सहदेवांच्या पाठीमागून वाऱ्याचा झोत आला. पाटीतला जवळा उडाला. खडीने भरलेला एक ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. चाकांची नुसती सळसळ झाली, आणि तीही ट्रक पुढे गेल्यावर कानावर आली.

हसणे थांबले.

सहदेवांनी पाटी खाली ठेवली, शिट्टी फुंकली आणि धावत जाऊन ट्रक अडवला. ट्रक थांबला तोही बराच पुढे जाऊन. चालक चंद्रप्रकाश नावाचा साधा माणूस होता. तो खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

“गाडीचा आवाज का नाही आला?” सहदेवांनी विचारले.

“इंजिन बंद होता ना, साहेब. उतार आहे, रस्ता चांगला आहे, गाडी आपोआप जाते. फुकटचा डिझेल कशाला जाळायचा? सगळेच बंद करतात.”

“सगळेच?”

“हां साहेब. रस्ता नवीन झाला तेव्हापासून.”

सहदेव परत आले ते सरळ माझ्यासमोर. पहिल्यांदाच त्यांनी माझा तिसरा रकाना खालून वर, वरून खाली वाचला. मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “अरे देवा.”

कानाने चालणारी माणसे, आणि आवाज नसलेल्या गाड्या. मित्रांनो, कुणाच्या मनात वाईट नव्हते. रस्ता करणाऱ्याच्या नव्हते, गाडी चालवणाऱ्याच्याही नव्हते. म्हणूनच ते इतकी वर्षे कुणाला दिसले नाही.

सहदेवांनी अर्ज लिहिला : उतारावर गतिरोधक हवा, इंजिन बंद करण्यास मनाई हवी. साहेबांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. “बावीसवरून नऊवर आलोय, सहदेव. अख्ख्या उपनगरात असा आकडा नाही. चांगल्या रस्त्याला नावं ठेवू नकोस. वर्ष संपू दे, मग बघू.”

वर्ष संपायला तीन आठवडे होते. सहदेव रोज सकाळी पहिल्या बसच्या वेळी स्वतः उतारावर उभे राहू लागले. हात आडवा करून ट्रक थांबवत आणि कोळणींना पार करून देत. माझ्या तळाच्या मोकळ्या जागेत त्यांनी ओल्या खडूने लिहिले : ‘उतारावर इंजिन चालू ठेवा. पाटीवाल्यांना बाजूचे दिसत नाही.’ काही चालकांनी ते वाचले. चंद्रप्रकाश तर पायथ्याशी येईपर्यंत भोंगा वाजवत येई. उतारावर पुन्हा घरघर ऐकू येऊ लागली. माझ्या आयुष्यात मी काही उपयोगाचे सांगितले असेल, तर ते त्या तीन आठवड्यांत.

तीस डिसेंबरला साहेब आले. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह होता आणि पाहुणे माझा फोटो काढणार होते. “हे काय खाली? फळ्यावर फक्त आकडे हवेत. पुसून टाक. आणि उद्या सकाळपासून तुझी ड्यूटी जुहूच्या चौपाटीवर. एकतीस तारखेचा बंदोबस्त.”

“साहेब, सकाळची पहिली बस तेवढी...”

“एक दिवस, सहदेव. एका दिवसात काय होतंय?”

सहदेवांनी फडके भिजवले. त्यांचा हात माझ्यावरून फार सावकाश फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळणी आल्या. पुतळाबाई माझ्यासमोरच्या कडेला थांबली.

“हवालदार कुठं गेला गो आज?”

“येईल. थांबू जरा,” मथुरा म्हणाली.

त्या थांबल्या, बऱ्याच वेळ थांबल्या. बाजारात गिऱ्हाईक जमायला लागले होते. पुतळाबाईने मान ताठ ठेवून कान दिला. मीही ऐकत होतो. रस्ता अगदी गप्प होता.

“काय नाय येत. चल,” ती म्हणाली आणि पुढे निघाली.

मला उतार दिसत होता, मित्रांनो. मला सगळे दिसत होते.

त्या ट्रकचा चालक या रस्त्यावर नवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलेही असेल. पण त्या सकाळी माझ्यावर फक्त आकडे होते.

पाटी रस्त्यावर फिरत फिरत माझ्या भिंतीपाशी येऊन थांबली. मथुरा एकच शब्द ओरडत होती, “आये, आये, आये.”

संध्याकाळी दुसऱ्या एका शिपायाने माझ्यावर लिहिले. अपघात दहा, जखमी पाच. मध्यरात्री वर्ष बंद झाले. पुतळाबाई इस्पितळात तीन दिवस होती. तीन जानेवारीला ती गेली.

सहदेव खडू घेऊन आले. खालच्या ओळीतला जखमींचा पाच पुसून त्यांना चार करायचा होता, आणि तिसऱ्या रकान्यातला तीन पुसून चार. साहेबांनी त्यांचा हात धरला. “कागद वर गेलेत. गेलं वर्ष बंद झालं. या वर्षी तर अपघातच नाही झाला अजून. कुठे लिहिणार तिला?”

अशी ती माझ्यावर जखमीच राहिली. तिसऱ्या घरात नको घालूस, असे ती म्हणाली होती. कुणी घातले नाही.

सहदेवांनी खडू खिशात टाकला आणि ते निघून गेले. परत आले तेव्हा हातात पांढऱ्या तेलरंगाचा डबा होता. जिथली ओळ त्यांना पुसायला लावली होती, तिथेच त्यांनी सुरेख अक्षरात लिहिले : ‘पुतळाबाई, खारदांडा. डोक्यावर पाटी होती. गाडीचा आवाज आला नाही.’

तेलरंग फडक्याने पुसला जात नाही. साहेब रागावले. दोन महिन्यांत सहदेवांची बदली झाली. पण जाण्याआधी त्यांनी उतरणारा प्रत्येक ट्रक माझ्यासमोर थांबवला आणि प्रत्येक चालकाला ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. त्या वर्षी तिसऱ्या रकान्यात एक लिहिला गेला. शून्य राहिले, असे खोटे मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढे चौकी नवी झाली आणि छापील पत्र्याचा फळा आला. मी मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. एक दिवस मथुरा आली आणि मला चौकीवाल्यांकडून मागून घेऊन गेली. आता मी मरोळच्या बाजारात दोन खोक्यांवर आडवा असतो. माझ्यावर सुके बोंबील मांडलेले असतात. रकाने खारट पाण्याने केव्हाच गेले. नावाची ओळ मात्र मथुरा मासळीखाली झाकू देत नाही. येणारी-जाणारी मुले ती वाचतात आणि विचारतात. ती प्रत्येकाला सांगते.

तुम्हालाही सांगतो. तुम्ही सायकल चालवाल, उद्या मोठी वाहनेही चालवाल. डोक्यावर ओझे घेतलेले माणूस पुढे दिसले, तर घंटी वाजवा, वेग कमी करा आणि थांबा. त्याला मान वळवता येत नाही. तुम्हाला येते.

उतार इथून दिसत नाही, पण ऐकू येतो. सकाळी गाड्या घरघरत असतात. आणि एखादे वेळी मध्येच सगळे एकदम शांत होते. तेव्हा मथुराचा हात बोंबलांवर थांबतो. ती ताठ मानेने कान देते. मीही ऐकत राहतो.