क्लासेन थिबो होतो तेव्हा

कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातल्या आमच्या तुरुंगात दर मंगळवारी रागाचा वर्ग भरायचा. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण आम्ही हेच म्हणायचो. बोयचुकबाई मानसशास्त्राच्या. त्या खुर्च्या गोल मांडायच्या आणि आम्ही आपापल्या संतापाची चिरफाड करत बसायचो. मी तिथल्या बऱ्या कॉफीसाठी जायला लागलो आणि रमलो.

क्लासेन आणि थिबो दोघंही त्या वर्गात होते. क्लासेन दाराएवढा रुंद ट्रकड्रायव्हर, एकाचा जबडा मोडून आत आलेला. थिबो किडकिडीत आणि तोंडाळ. त्याने दारूच्या नशेत भावाचं घर पेटवलं होतं. एका आठवड्यात दोघांची टीव्हीवरून जुंपली होती. क्लासेनला हॉकी हवी होती, थिबोला कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवत त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं. ओढाओढीत टीव्ही खाली आपटला आणि आम्ही सगळेच टीव्हीला मुकलो.

पुढच्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "आज अदलाबदल. क्लासेन, तू थिबो हो. थिबो, तू क्लासेन. भांडण पुन्हा करून दाखवा."

क्लासेन उठला, खांदे आक्रसले, बोट नाचवलं आणि चिरक्या आवाजात सुरू झाला, "तुझ्या बापाचा टीव्ही आहे का रे? हॉकी म्हणे! दात पाडून घ्यायचा खेळ!"

आम्ही हसून लोळायचे बाकी होतो. थिबो लाल झाला आणि दाराकडे निघाला. वर्ग सोडला की नाव कटणार आणि पॅरोलवर पाणी, हे त्यालाही माहीत होतं.

"जायचं तर जा," बाई म्हणाल्या, "पण काय होतंय ते सांगून जा."

"हा माझी टर उडवतोय."

"उडवतोयस का रे?"

"नाही बाई," क्लासेन म्हणाला, "तो असाच बोलतो."

थिबोने माझ्याकडे पाहिलं. "मी असा किंचाळतो?"

"कधी कधी याहून जास्त," मी म्हटलं.

तो परत येऊन बसला. मग त्याने हाताची घडी घातली, मान खाली घालून भुवयांखालून क्लासेनकडे रोखून पाहिलं आणि गप्प राहिला. खोलीतलं हसू हळूहळू विरलं.

"बोल की," क्लासेन अस्वस्थ होऊन म्हणाला.

"तू तरी कुठे बोलतोस?"

"मी गप्प बसतो म्हणजे राग गिळत असतो."

"समोरच्याला वाटतं, आता आपला जबडा जाणार."

क्लासेन आपल्या पंज्यांकडे बघत राहिला. "माझी बायकोही घाबरायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी ओरडत तर नाही, मग कशाला घाबरते?"

बाईंनी त्याला विचारलं, "तू अजून थिबो आहेस. तुला कर्लिंगच का हवं?"

"लोकांना छळायला."

"चूक," थिबो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझी म्हातारी विनिपेगला वृद्धाश्रमात तेच सामने बघते. आग लावल्यापासून माझ्याशी दुसरं काही बोलत नाही. फोनवर फक्त खेळाचं बोलते."

"मग सांगायचं होतंस."

"तू विचारलंस का कधी?"

नवा टीव्ही यायला हिवाळा उजाडला. क्लासेन थिबोशेजारी बसून कर्लिंग बघायचा, कुरकुरत.

"झाडून काय होतं यांचं?"

"दगड लांब जातो, गाढवा."

थिबोच्या पॅरोलची सुनावणी नेमकी उपांत्य सामन्याच्या दुपारी आली. तो परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मंडळाने पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं होतं. "घर जाळणाऱ्याने आधी घर सांभाळायला शिकावं, म्हणाला मंडळातला तो टकल्या! मला!" आवाज चढू लागला, बोट नाचू लागलं.

क्लासेनने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. तुझ्या म्हातारीचा संघ, मॅनिटोबा, जिंकला." आणि तो माणूस, ज्याच्या तोंडून दिवसाकाठी दोन वाक्यं निघायची, पहिल्या दगडापासून सगळा सामना सांगू लागला. मध्येच नावं चुकायची, थिबो दुरुस्त करायचा. शेवटचा दगड सांगून होईतो थिबोचं बोट मांडीवर आलं होतं.

संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. मी रांगेत मागेच होतो. आधी सामन्याचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "आई, यंदा सोडत नाहीयेत मला." पलीकडे म्हातारी बराच वेळ काहीतरी बोलत होती. ते खेळाचं नसावं, कारण थिबो एकदाही मध्ये बोलला नाही.