अख्खा शर्ट

कारखान्यात तिला सगळ्या जणी 'डावी' म्हणायच्या. ती डावखुरी होती म्हणून नव्हे, तर तीन वर्षं ती फक्त शर्टांच्या डाव्या बाह्या जोडत होती म्हणून. उजव्या बाह्या समोरच्या रांगेतली 'उजवी' जोडायची. पलीकडे खिसेवाली, खिडकीजवळ काजाताई आणि रांगेच्या टोकाला कॉलरमावशी. शर्ट या टेबलावरून त्या टेबलावर सरकत जायचा आणि शेवटी घडी होऊन खोक्यात पडायचा. दिवसाला सहाशे शर्ट तयार व्हायचे, पण गळ्यापासून घेरापर्यंत एकटीने शर्ट शिवणारी बाई त्या हॉलमध्ये औषधालाही सापडली नसती.

डावीच्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. स्वतःचा धंदा. एका रविवारी जेवताना तिने ते बोलून टाकलं.

तिचे बाबा बस चालवायचे. तीस वर्षांत एकदाही कामावर उशिरा न पोचलेला माणूस. त्यांचा घास हातातच राहिला. "कसला धंदा?"

"शिवणकामाचा."

"म्हणजे बाह्या विकणार? त्यासुद्धा डाव्याच?"

आई फिसकन हसली. तीही हसली. पण बोलणं जिव्हारी लागलं होतं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती दहा मिनिटांत डबा संपवायची आणि उरलेली वीस मिनिटं एकेकीच्या मशीनपाशी जाऊन बसायची. खिसेवालीने आठवड्यात खिसा शिकवला. काजाताईने काज शिकवलं, वर आपल्या सासूच्या तक्रारीही ऐकवल्या. कॉलरमावशी मात्र पिळून काढायची. पन्नाशी उलटलेली, तोंडाने फटकळ, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर.

"पोरी, कॉलर म्हणजे शर्टाचं नाक. ते वाकडं असलं की बाकीचं कितीही देखणं असू दे, बघणारा नाकाकडेच बघतो. उसव."

ती उसवायची, पुन्हा शिवून आणायची.

"हे काय, हिच्या आतलं कडक बकरम एका बाजूला फुगलंय. उसव."

शिवण्यापेक्षा उसवण्यातच तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात एके दिवशी मावशीने कॉलर उलटीपालटी करून पाहिली आणि 'उसव' न म्हणता बाजूला ठेवली. डावी वाट बघत उभीच.

"आता काय हारतुरे हवेत? जा, घंटा झाली."

तिने पहिला अख्खा शर्ट बाबांसाठी शिवला. खिसा जरासा उताराला लागला होता. "यातलं पेन घसरेल," बाबा म्हणाले. पण आठवड्यातून एकदा तरी तोच शर्ट घालून ते कामावर जाऊ लागले.

अशात मामा शिडीवरून पडला. मामा रंगारी होता. मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींवर लटकत उभं आयुष्य गेलं, आणि पडला तो एका पतसंस्थेच्या सहा पायऱ्यांच्या शिडीवरून. उजवा खांदा मोडला, हात गळ्यातल्या झोळीत अडकला. डावी भेटायला गेली तेव्हा तो अंगावर चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"शर्ट घालायचा म्हटला की आरडाओरडा," मामी स्वयंपाकघरात तिला हळूच म्हणाली. "मी घालायला गेले तर म्हणतो, मी काय तान्हं बाळ आहे? आठ दिवस झाले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. कुणी आलं तर झोपल्याचं सोंग घेतो."

आणि हा माणूस म्हणजे कोण, तर कामावर जातानाही कडक इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा आणि तिथे पोचल्यावर रंगाचे कपडे चढवणारा!

डावीने त्याचा एक जुना शर्ट मागून घेतला. गळ्यापासून खांद्यावरून थेट मनगटापर्यंत कापला आणि कडेने टिचबटणं लावून दिली. कागदावर सगळं झकास होतं. पण खांद्यावरचं बटण दाबताच मामाने अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. टिचबटण बसायला दाब लागतो, आणि दाब नेमका मोडक्या हाडावर पडत होता.

तिला स्वतःचाच राग आला. पुढच्या रविवारी तिने आपला उजवा हात पट्ट्याने छातीशी बांधला आणि सकाळपासून तशीच वावरली. दात घासले, वेणीचा नाद सोडला, भात सांडला. कपडे घालताना कळलं की एका हाताने कापड ओढलं की ते सरकतं, त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. आधी कुठला हात घालायचा, तेही कळलं. आईने दोनदा विचारलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

नव्या शर्टाला तिने बुटांना असते तशी, नुसती टेकवली की बसणारी आणि चर्रकन निघणारी चिकटपट्टी लावली. आतल्या बाजूने अंगठा अडकवायला एक कापडी फास दिला. बाही जोडतात तिथला मुंढा सैल ठेवला. कॉलर मात्र बकरम घालून ताठ, मावशीला दाखवता येईल अशी.

मामाने शर्ट घेतला आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर मामी आणि ती. आतून चर्र आवाज आला. मग पुन्हा चर्र. मग एक शिवी. मामी उठायला लागली तशी डावीने तिला हाताला धरून खाली बसवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. मामा उभा होता, खांद्यावरची पट्टी नीट बसलेली, कॉलर सरळ, घामाने कपाळ डवरलेलं.

"चपला कुठे आहेत माझ्या?" तो म्हणाला. "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

मामी तोंड फिरवून भांडी आवरायला लागली. भांडी आवरलेलीच होती.

महिन्याभराने मामा इस्पितळात खांद्याच्या व्यायामाला जाऊ लागला. तिथे व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी तो शर्ट पाहिला, उघडून पाहिला, लावून पाहिला. "हा कुठे मिळतो हो?"

"मिळत नाही," मामा छाती काढून म्हणाला. "माझी भाची शिवते. तिचा धंदाच आहे तो."

धंद्याचा अजून पत्ता नव्हता. पण संध्याकाळी मामा घरी आला तो दहा शर्टांची मागणी घेऊन, तीन मापांत.

"मामा, तू थाप मारलीस!"

"थाप कसली? आगाऊ खरं बोललो. आता तू ते मागून खरं कर."

तिने पंधरा दिवस सकाळी कामाआधी दोन तास बसून दहाही शर्ट पुरे केले. आठवड्यात त्यातले तीन परत आले. कारण कुणी सांगेना, म्हणून ती एकाच्या घरी गेली. निवृत्त मास्तर होते. त्यांनी कॉलर बाजूला करून मान दाखवली. चिकटपट्टीची कड घासून तिथे लालभडक ओरखडा उठला होता.

"शर्ट छान आहे, बाळ," मास्तर म्हणाले. "चावतो तेवढा."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने तो शर्ट कॉलरमावशीपुढे ठेवला. मावशीने चष्मा वर सरकवला, पट्टीवरून बोट फिरवलं, आणि आपल्या मशीनवरच्या चिंध्यांतली एक मऊ पट्टी उचलून कडेवर दुमडून धरली. "असं. कड कापडाच्या पोटात गेली पाहिजे." डावीने तिन्ही शर्ट दुरुस्त केलेच, पण न परतलेले सातही घरोघरी जाऊन मागून आणले. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांच्याही माना लाल होत्या.

त्यानंतर इस्पितळातल्या ताईंनी चाळीस शर्ट मागितले. दुसऱ्या एका इस्पितळातूनही निरोप आला, बायकांसाठी ब्लाउज जमतील का? डावीने कारखान्यात राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "अगं, पण डाव्या बाह्या कोण करणार?" ती म्हणाली, "उजवीला विचारा. तिला दोन्ही येतात, तुम्ही कधी विचारलंच नाही."

धंद्याची नोंदणी करायला बाबा तिच्यासोबत गेले. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती. रजा, आणि बाबांनी! आईने दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज पुढ्यात ओढला आणि मान वर न करता बाबांना विचारलं, "काय करता? काय नाव द्यायचं धंद्याला?"

"मी बस चालवतो," बाबा म्हणाले. "धंद्याचं मालकीणबाईंना विचारा." आणि ते दोन पावलं मागे सरकले.

कारकुनाने आता मान वर केली. तिने नाव सांगितलं, 'सोपा सदरा'. शिक्का बसला तेव्हा बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि रुमालाने नाक पुसत होते.

घराच्या पुढच्या खोलीत तिने दोन मशिनी मांडल्या. दुसरीवर कोण बसणार हे ठरलेलंच होतं. कॉलरमावशीने कारखाना सोडला होता. "तिथे बसून बसून मी कॉलरीतच मरायचे," एवढंच तिचं कारण.

पहिल्या सोमवारी मावशी बरोबर नऊला हजर झाली. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"ही खुर्ची डगमगते. दिवा डोळ्यांवर येतो. आणि चहा किती वाजता असतो इथे?"

डावी उत्तरासाठी सवयीने, कारखान्यात साहेबांची केबिन असायची त्या दिशेने वळली. तिथे भिंत होती. मग तिच्या लक्षात आलं की या तिन्ही गोष्टी आता तिलाच ठरवायच्या आहेत.

"चहा साडेदहाला," तिने ठणकावून सांगितलं, आणि आतल्या खोलीतून बाबांची भक्कम खुर्ची उचलून आणायला गेली.