मंगळवारचा हंडा

सहावं पिल्लू जयवंताच्या तळहातावरच थंड झालं. तिने ते पदराआड धरलं, मग शरमून खाली ठेवलं. लपवून काय होणार होतं? आधीची पाच तर पुष्पलता सकाळीच डब्यात घालून तपासायला घेऊन गेली होती. निकाल दुपारी यायचा होता.

जयवंताला तो आत्ताच ठाऊक होता.

काटोल रोडवरच्या भैयाजींच्या पोल्ट्रीत ती अकरा वर्षं खाद्य कालवत होती. नवरा गेल्यापासून शेडमागची खोली हेच तिचं घर. यंदा भैयाजींची पुतणी पुष्पलता तिथे आपल्या व्हेटर्नरीच्या अभ्यासाचा प्रयोग करत होती. खाद्यात घालायची सुकी मासळी नागपूरला पोचेपर्यंत अर्धी वाळूच असायची. म्हणून मासळीऐवजी कापलेल्या कोंबड्यांची फेकून दिलेली आतडी, मुंडकी, पाय शिजवायचे, वाळवायचे, दळायचे आणि पिल्लांना घालायचे. उकळी फुटल्यावर घड्याळ बघायचं, दीड तासाच्या आत हंडा उतरवायचा नाही, असं पुष्पलताने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जंतू मऊपणाने मरत नाहीत, वेळेने मरतात.

मंगळवारी जयवंताने घरी मटण पाहतात तसं बोटाने दाबून पाहिलं. पार गाळ झालं होतं. पाऊण तासातच तिने हंडा उतरवला. त्याचंच खाद्य खाणारी पिल्लं शनिवारी पंख ढिले टाकून बसली.

हाकललं तर जायचं कुठे? कामठीला भावाकडे गेली असती, पण वहिनीने दोन दिवसांवर ठेवलं नसतं. फाटकात स्कूटर वाजली तेव्हा ती शेडच्या दाराशी आली.

पुष्पलता हसतच आत आली, मागोमाग भैयाजीही. दोष खाद्याचा नव्हता. पाण्याचं भांडं गळून पिल्लांखाली अंथरलेलं तूस ओलं झालं होतं, त्यातून रक्ती हगवण लागली होती. औषध मिळालं होतं.

"पाह्य वं जयवंता," भैयाजी म्हणाले, "फुकटचा जीव टांगणीले लागला होता."

जयवंताने मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पुष्पलताने प्रयोगाची वही उघडली आणि पिल्लांची वजनं लिहायला घेतली. आता गप्प बसलं तर कोणालाही कळणार नव्हतं.

"ताई, ते नका लिहू."

"काहून वं?" भैयाजींनी विचारलं.

"मंगळवारचा हंडा म्या पाऊण तासातच उतरवला. बोटानं दाबून पाह्यलं, अन् उतरवला."

पुष्पलताचं पेन थांबलं. पाच आठवड्यांची मेहनत त्या वहीत होती.

"मंग आता काहून सांगून राहिली?" भैयाजींचा आवाज चढला. "सुटली होती ना तू?"

"वहीत दीड तास लिवला, अन् वजनं पाऊण तासाच्या हंड्याचे," ती कशीबशी म्हणाली. "ते वाचून उद्या दुसरं कोणी शिजवन, तो फसन."

मग भैयाजींनी सांगितलं, की उद्यापासून हंड्यावर झाडूवाली भीमाबाई बसेल, जयवंताने शेड झाडायचं. खोलीचं ते काही बोलले नाहीत. विचारायचा तिला धीर झाला नाही.

मंगळवारचं उरलेलं खाद्य खड्ड्यात पुरायचं होतं. तिने पोत्याला हात घातला, पण एकटीने पोतं जागचं हलेना. पुष्पलताने वही मिटून बाजूला ठेवली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.