राणीची पाठ

बाजारात त्यांना भिंगकाका म्हणत. जुन्या नाण्यांची प्रत ठरवणं हा त्यांचा धंदा. त्या धंद्यात त्यांच्याविषयी इतक्या कथा फिरत होत्या, की निम्म्या खोट्या धरल्या तरी उरलेल्यांनी कुणाचीही झोप उडावी. नाणं नुसतं तिरपं धरून ते सांगत, हे डाव्या खिशात राहिलेलं आहे, खिसा सुती होता आणि मालक जिना उतरताना उड्या मारत असे. एका तांब्याच्या नाण्याबद्दल त्यांनी सांगितलं, की हे अकरा वर्षं एका कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून होतं. मालकाने घरी जाऊन पाहिलं, तर कपाट खरोखरच डगमगत होतं. नाण्यावर वाकले की काका तोंड उघडत नसत, कारण थुंकीचा बारीक शिंतोडा चांदीवर पडला की वर्षभराने तिथे डाग उगवतो. एकदा टेबलाखाली त्यांच्या पावलांवर दुकानातली मांजर व्याली. एकामागून एक चार पिल्लं. काकांनी हूं की चूं केलं नाही. काम संपवलं, नाणं डबीत ठेवलं, भिंग पुसलं आणि खाली न बघताच म्हणाले, "चौथं जरा अशक्त आहे."

असे हे भिंगकाका त्या मंगळवारी दुपारी थोरल्या बहिणीच्या दारात पाच मिनिटं उभे होते, आणि बेल दाबायला त्यांचं बोट काही धजेना.

कारण होतं भावोजींचं नाणं. भावोजी, म्हणजे आक्काचे यजमान, छापखान्यात खिळे जुळवायचे. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी एका भंगारवाल्याकडून चांदीचं एक मोठं नाणं आणलं. वर मुकुटवाली राणी, मागे जहाज. पातळ कागदात गुंडाळून ते त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि जाहीर केलं, "हे कोरं आहे. चलनात एक दिवसही गेलेलं नाही. आत्ता टाकसाळीतून निघाल्यासारखं."

लोक हसले. भंगारात कोरं नाणं मिळणं म्हणजे उकिरड्यावर न वाचलेलं आजचं वर्तमानपत्र मिळणं. मंगळवारी पत्ते खेळायला येणारे घड्याळवाले आणि त्यांचे दोघं जोडीदार हसले, शेजारी हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते भिंगकाका. त्यांनीच भावोजींना 'खजिनदार' हे नाव दिलं. "काय खजिनदार, आज पहाऱ्यावर कोण?" प्रत्येक भेटीत हा विनोद, एकतीस वर्षं. भावोजींनी नाणं मेहुण्याला मात्र कधी दाखवलं नाही. म्हणायचे, "तू आधी हसशील आणि मग बघशील. मी गेल्यावर बघ, तेव्हा तरी उलटं करशील."

दोन महिन्यांपूर्वी ते गेले. आणि आक्काचा फोन आला. "गुंड्या, मला विकायबिकायचं नाहीये. फक्त येऊन सांग, हे बरोबर होते की तुम्ही सगळे. मंगळवारी पाच वाजता पत्त्यांची मंडळी येणार आहेत, त्यांच्यासमोर सांग. तू त्याआधी ये आणि नीट बघून ठेव."

खरं तर ते सोमवारीच येणार होते. पण सोमवारी त्यांना धीर झाला नाही. नाणं भिकार निघालं तर विधवा बहिणीला तोंडावर सांगायचं कसं? "आज काम निघालंय, उद्या येतो," असं म्हणून त्यांनी एक दिवस पुढे ढकललं.

दार आतूनच उघडलं.

"आलास? मला वाटलं जिन्यातच बिऱ्हाड मांडतोस की काय. कधीचे तुझे बूट दिसतायत फटीतून."

"धाप लागली होती."

"तिसऱ्या मजल्याची धाप पाच मिनिटं? म्हातारा झालास. बस तिथे, खिडकीशी."

खिडकीशी टेबल होतं. टेबलावर दुमडलेला रुमाल, आणि रुमालावर भावोजींचं नाणं. भिंगकाकांना ते दारातूनच दिसलं. नाणं चमचमत होतं. नव्या चमच्यासारखं, लग्नातल्या बँडवाल्याच्या बटणासारखं.

ते बसले. पिशवीतून छोटी गादी काढली, दिवा काढला, भिंग काढलं. नाणं दोन बोटांनी फक्त कडेला धरून उचललं. राणीच्या गालावर, कानावरच्या केसांवर, मुकुटाच्या टोकांवर अगदी बारीक ओरखडे होते. हजारो, सगळे एकाच दिशेने, झाडू मारलेल्या अंगणासारखे.

"कसं दिसतंय?" आक्का मागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज आनंदाने फुलला होता. "सकाळी दोन तास घासत बसले होते. दाताचं मंजन आणि ह्यांच्या जुन्या बनियनचं फडकं. एकतीस वर्षं मला हात लावू दिला नाही रे ह्यांनी! 'दुरून बघ.' मी म्हणायची, अहो, काळं ठिक्कर पडलंय, निदान पुसू तरी द्या. नाही म्हणजे नाही. का, तेही कधी सांगितलं नाही. काल आला असतास, तर तसलं काळं ध्यान ठेवावं लागलं असतं तुझ्यापुढे. बरं झालं उद्यावर ढकललंस."

भिंगकाकांनी मान हलवली. नाणं समोर होतं म्हणून बोलता येत नव्हतं, हे एक बरं होतं.

त्यांनी नाणं उलटं केलं.

"ती पाठ राहिली," आक्का म्हणाली. "मंजन संपलं. आत्ता खालून नवी डबी आणलीय."

मागच्या बाजूला जहाज होतं, आणि जहाजावर शंभर वर्षांची काळपट साय. आक्काला ती घाण वाटली होती. पण काकांनी नाणं दिव्याखाली जरासं कलतं केलं, आणि त्या सायीखालून प्रकाश फिरला. चाकाचे आरे फिरावेत तसा, समुद्रावरून, शिडांवरून, अक्षरांच्या मधून, पुन्हा समुद्रावर. कुठेही न अडखळता. दोरखंडाचे पीळ मोजता येत होते. हा प्रकाश साच्याच्या दाबाखाली एकदाच जन्माला येतो. माणसाच्या हाताने तो जातो फक्त, परत आणता येत नाही. चाळीस वर्षांत भिंगकाकांनी असं नाणं दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा काचेच्या पेटीत.

नाणं कोरं होतं. आज सकाळपर्यंत भावोजींचं नाणं शंभर टक्के कोरं होतं.

आता त्याला धंद्यात एकच शब्द होता: धुतलेलं. हा शब्द चिठ्ठीवर चढला की त्यापुढे प्रत लिहीत नसत, नुसती रेघ मारत.

त्यांनी नाणं खाली ठेवलं. भिंग पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"भिंगाला भोक पाडशील," आक्का म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली. हात मांडीवर जुळवले. "सांग आता. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस हं. दगड असेल तर दगड म्हण. पण खरं सांग, हे खुळे होते का?"

भिंगकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीत एक माणूस सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. त्याचं किती सोपं होतं! नाणं साधंच आहे म्हणावं, तर एकतीस वर्षं हसणारे बरोबर ठरत होते आणि भावोजी मेल्यावरही खुळे राहत होते. सगळं खरं सांगावं, तर भावोजी शहाणे ठरत होते आणि त्यांचं शहाणपण त्यांच्याच बनियनने पुसून टाकणारी समोर बसली होती.

"भावोजी बरोबर होते, आक्का," ते म्हणाले. "कोरं. पहिल्या प्रतीचं."

आक्का हसली. मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

"शपथ?"

"शपथ. मीच गाढव."

"ते मला माहीत होतं. ह्यांचं विचारत होते." ती उठली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम कामाला लागली. "साडेचार! मंडळी येतील. आण इकडे ते, मागची बाजू उरकून टाकते." तिच्या हातात नवी डबी होती, झाकण उघडलेलं. खांद्यावर बनियनचं फडकं.

भिंगकाकांचा हात आपोआप नाण्यावर गेला. "राहू दे ना आक्का. मागची बाजू कोण बघतं?"

"घड्याळवाले बघतात. आपल्याकडे कपबशीसुद्धा उलटी करून बघतात ते."

"मी दुकानात नेतो. नीट करून आणतो."

"आणि आज अर्धवट ठेवू पुढ्यात? समोरून राणी आणि पाठीमागून कोळसेवाली?"

"तुझे हात दुखतील."

"माझे हात दुखत नाहीयेत. तुझं काय दुखतंय? घामाघूम झालायस."

एक वाक्य पुरेसं होतं. दुकानात त्यांच्या डोक्यावर ते लाल अक्षरांत टांगलेलं होतं: नाणी घासू नका. हजारो लोकांना त्यांनी ते ऐकवलं होतं, काहींना तर ओरडून. ते वाक्य आत्ता म्हटलं, तर जहाज वाचत होतं. पण आक्का खुळी नव्हती. ती एवढंच विचारणार होती, "का रे, घासलं की काय होतं?" आणि मग ती राणीकडे बघणार होती. उत्तराची वाटही बघणार नव्हती.

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"माशासारखं काय करतोयस?"

"दे," भिंगकाका म्हणाले. "मी घासतो."

"तू? नाण्याला बोट न लावणारा तू?"

"दे म्हणतो ना. तू बस."

निदान ही बाजू तरी तिच्या हातून नको. उद्या कधी, कुणाच्या तोंडून तिला कळलंच, तर अर्धं पाप भावाच्या नावावर असावं. याहून मोठा विचार त्यांना सुचला नाही. त्यांनी फडकं बोटाला गुंडाळलं, मंजनात बुडवलं आणि समुद्राच्या अगदी कडेला, जिथे काही चित्र नव्हतं, तिथे हलकेच फिरवलं. नुसतं फिरवल्यासारखं केलं.

"असं बाळाला पावडर लावतात. जोर लाव की! जेवला नाहीस का?"

"लावतोय."

"कुठे लावतोयस? सरक." आक्काने वाकून त्यांच्या बोटावर आपला तळवा ठेवला आणि दाबलं. "असं. गोल गोल. लहानपणी पितळेचे दिवे तरी कधी घासलेस? तेव्हाही मीच घासायची, आणि तू शेजारी बसून डाग दाखवायचास."

दोघांचे हात गोल फिरले. काकांना डोळे मिटायचे होते, पण चाळीस वर्षांची सवय, बघणं थांबेना. शिडावरचा प्रकाश आधी गेला. मग दोरखंड. मग एकेक आरा विझत चाक थांबलं, आणि त्या जागी एक सपाट, भाबडी, ताटासारखी चमक आली.

"बघ कसं निघालं," आक्का म्हणाली.

बेल वाजली. आक्काने दार उघडलं. घड्याळवाले सगळ्यांच्या पुढे होते, बाकीचे दोघं अजून जिन्यात धापा टाकत होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस खिशातली डोळ्याला लावायची काच झोपतानाही काढत नाही, असं म्हणत. ते थेट टेबलाशी आले. आधी नाणं पाहिलं, मग मंजनाची डबी, मग भिंगकाकांची पांढरी झालेली बोटं. काच डोळ्याला लावून ते वाकले आणि झटक्यात सरळ झाले.

"अहो, हे कुणी—"

"मी," भिंगकाका घाईघाईने म्हणाले. "दोन्ही बाजू मीच घासल्या. आत्ता."

"चल, लबाड कुठला!" आक्का कडाडली. "समोरची सबंध मी केलीय हो. दोन तास! ह्याने नुसती पाठ चोळली, तीही मी हात धरला तेव्हा. आणि ऐका, हे बरोबर होते. कोरं आहे म्हणतोय तो. सांग रे त्यांना. मोठ्याने सांग."

घड्याळवाल्यांची काच अजून डोळ्यालाच होती. त्या मोठ्या दिसणाऱ्या डोळ्याने त्यांनी भिंगकाकांकडे पाहिलं, बराच वेळ. भिंगकाकांनी नजर चुकवली नाही. चुकवून जाणार कुठे?

"कोरं," ते म्हणाले.

जिन्यातले दोघं आत आले. "काय निघालं?" एकाने विचारलं. आक्का घड्याळवाल्यांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यांनी काच काढली, शर्टाला पुसली, खिशात ठेवली. घसा साफ केला.

"वहिनी," ते म्हणाले, "मंजन कुठलं वापरलंत?"

"हेच की." आक्काने डबी उचलून त्यांच्या हातात कोंबली. "घेऊन जा तुम्ही. तुमच्याही घरी असेल काही काळं पडलेलं."

घड्याळवाल्यांनी डबी दोन्ही हातांत धरली, मागच्या दोघांना "कोरं" एवढंच सांगितलं, आणि खजिनदारासाठी तिघांनीही टोप्या काढल्या.