न आलेल्यांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. एका सुताराने जेवणाच्या टेबलाभोवती ठेवायला सहा खुर्च्या केल्या आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून मला केलं. म्हणून माझे हात काळपट आणि पाठ पिवळट आहे. सहा बहिणी एकाच घरी नांदायला गेल्या. मी एकटी भाषाशाळेत आले.

ही मोठ्या माणसांची शाळा. ज्यांना परदेशी जायचं असे ते तिथली भाषा शिकायला येत. स्वयंपाकी येत, गवंडी येत, नुकतीच लग्नं झालेल्या मुली येत. परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून एक आजोबाही येत. मी दाराशी असे. दोन जिने चढून आलेला माणूस आधी माझ्यावर टेके, मग वर्गात जाई. आम्हा खुर्च्यांना चेहऱ्यापेक्षा वजन जास्त लक्षात राहतं. कोण दमलंय, कोण घाबरलंय, कोण घरी भांडून आलंय, हे मला बसल्या बसल्या कळे. "ही खुर्ची नसती तर मी कधीच शाळा सोडली असती," असं आजोबा म्हणत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मोठे सर आले. माणूस वाईट नव्हता. फळ्याखालची खडूची पूडसुद्धा स्वतः पुसायचे. त्यांना शाळेला शिस्त लावायची होती, म्हणून त्यांनी बावीस नियम लिहून भिंतीवर लावले. वर्गात आपली भाषा बोलायची नाही. फोन घ्यायचा नाही. कार्यालयाचा प्रत्येक कागद शिकवायच्या भाषेतच निघेल. नियम मोडला की पिवळी चिठ्ठी, आणि तीन चिठ्ठ्या झाल्या की चौकशीचं पत्र. मग शुक्रवारी चार वाजता समितीपुढे हजर राहायचं. समितीत तिघं होते: मोठे सर, परीक्षेच्या बाई आणि कारकून. मला दारापासून उचलून समितीच्या खोलीत नेलं. ज्याची चौकशी असेल त्याने माझ्यावर बसायचं, असं ठरलं.

एकोणिसावा नियम माझ्यासाठीच होता म्हणा ना. विद्यार्थी आला नाही तर त्याची खुर्ची समोर ठेवायची, दहा मिनिटं वाट बघायची आणि निकाल त्या खुर्चीला मोठ्याने वाचून दाखवायचा. "उद्या कुणी म्हणायला नको, की मला सांगितलंच नाही," असं सर म्हणाले. बाकी दोघांना ते पटलं.

पहिल्यांदा न आलेला माणूस म्हणजे एक म्हातारा शिंपी. वर्गात तीनदा आपल्या भाषेत बोलला होता. दहा मिनिटं झाली. सरांनी वाचलं, की नाव कमी केलं आहे. शेवटचा शब्द संपला आणि माझ्यावर वजन आलं.

मला वाटलं, कुणी फाइल ठेवली. फाइल टेबलावरच होती. वजन माणसाचं होतं, हलकं, थोडं उजवीकडे कललेलं. शिंपी तसाच बसायचा. समिती उठली, दिवा बंद झाला, दाराला कुलूप लागलं. तो मात्र उठला नाही.

तो मेला नव्हता, बरं का. पुढच्याच आठवड्यात त्याला खालच्या रस्त्याने जाताना शाळेच्या शिपाईकाकांनी पाहिलं होतं. तो आपल्या घरी जेवत होता, झोपत होता, आणि त्याच वेळी माझ्यावरही बसून होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

पुढे असे अकरा जण झाले. जे चौकशीला आले ते बोलले आणि उठून गेले. जे आले नाहीत ते एकमेकांच्या मांडीवर गर्दी करून बसले. शिपाईकाका मला पूर्वी एका हाताने सरकवायचे, आता दोन्ही हातांनी ओढू लागले.

"ही खुर्ची रोज जड होत चाललीय," ते म्हणाले.

"तुमचं वय होत चाललंय काका," कारकून म्हणाला.

एकदा एक तरुण माझ्यावर बसला आणि चटका बसल्यासारखा उठला. "माफ करा," असं तो पुटपुटला, पण समितीला नाही, मला. त्यानंतर सगळे उभ्यानेच बोलू लागले.

मग एका नर्सची चौकशी लागली. तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी आधीच परदेशी गेले होते. तिची पहिल्या वर्गाची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. ती पास झाली तर तिला तिकडच्या दवाखान्यात नोकरी मिळणार होती. नाव कमी झालं तर दोन वर्षं परीक्षा बंद, म्हणजे दोन वर्षं मुलगी आईवाचून. तिच्या तिन्ही चिठ्ठ्या वर्गात फोन घेतल्याच्या होत्या.

चार वाजले. ती आली नाही. दहा मिनिटं झाली आणि सर वाचू लागले. माझ्या कडेला हळूहळू एक नवं वजन टेकू लागलं. मी मनात म्हणत होते, बाई गं, ये, नाहीतर तूही इथेच राहशील.

काकांनी नंतर सांगितलं, की त्याच वेळी ती खाली दाराशी हातात पत्र घेऊन उभी होती. "काका, शाळेने मला काहीतरी पाठवलंय. परीक्षेचं बोलावणं असेल ना?" तिने विचारलं. काकांनाही ती भाषा वाचता येत नव्हती, पण त्या कागदाची लाल कडा ते चांगली ओळखत होते. "ताई, हे चौकशीचं आहे. पळा वर," ते म्हणाले. मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिल्या वर्गातल्या, नुकत्याच शिकू लागलेल्या माणसांना चौकशीचं पत्र त्यांना अजून नीट वाचता न येणाऱ्या भाषेत जात होतं.

निकालाचं शेवटचं वाक्य उरलं असताना दार उघडलं. तिला धाप लागली होती. कुणी काही म्हणायच्या आत ती माझ्यावर बसली.

तिने तोंड उघडलं आणि आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा निघाला. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पत्र मिळालं, पण वाचता आलं नाही." मग एक घोगरा आवाज आला. "मी पत्र जपून ठेवलंय. मला वाटलं, पास झालो." एकामागून एक अकरा आवाज आले. कारकुनाचं पेन थांबलं. परीक्षेच्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "सर, पहिला आवाज त्या शिंप्याचा होता."

बोलून झालं की एकेक जण उठत होता. शेवटी माझ्यावर फक्त नर्स उरली आणि ती स्वतःच्या आवाजात बोलली.

"माझी मुलगी तिकडे आपली भाषा विसरत चाललीय. मला तिकडची अजून येत नाही. म्हणून फोन घेते, सर. नाहीतर आम्हाला बोलायला भाषाच उरणार नाही."

सरांनी कागद उलटा ठेवला. "परीक्षेला बसा," एवढंच ते म्हणाले. ती बसली, पास झाली आणि मुलीकडे गेली.

अकरा पत्रांची गोष्ट वरपर्यंत पोचली. शाळेच्या विश्वस्तांनी सरांची चौकशी लावली. पत्र त्यांच्या भाषेत होतं, तरी ते आले नाहीत. "घरीच असतात. दार उघडत नाहीत, लाजेने खचलेत," शिपाईकाकांनी सांगितलं. विश्वस्त म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मला समोर ठेवलं, दहा मिनिटं थांबले आणि निकाल वाचला.

पुढे सरांच्या जागी आलेल्या परीक्षेच्या बाईंनी एकोणिसावा नियम खोडला आणि पत्रं ज्याच्या त्याच्या भाषेत जाऊ लागली. मला अडगळीत टाकलं, तेव्हा काका एकटे मला उचलू शकले नाहीत.

मित्रांनो, चुकलेल्याला शिक्षा करावी लागली तर करा, पण आधी त्याच्यासमोर बसून त्याचं ऐका. तो आला नाही तर त्याच्या घरी जा. मोठे सर शाळेच्या मागच्या गल्लीत राहतात, तिसरं घर, हिरवं दार. ते इथे माझ्यावर ताठ बसून आहेत, हात मांडीवर ठेवून. कुणीतरी जाऊन त्यांना विचारा, की सर, तुम्हाला काय सांगायचं होतं.