जुईलीसाठी टाकलेली अट

खरं सांगू? जुईली कॉलेजपासूनच माह्या डोळ्यात सलते. अमरावतीले आमी एका बेंचवर होतो. नोट्स माह्या, अन् मार्क तिले! मी अकोल्याजवळच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याची अभियंता झाली, वीस वर्षं तिथंच घासून राहिली. ती झाली सल्लागार. फेसबुकवर पाहा तं पुण्याचे फोटो, हातात कॉफी. माह्या अंगाचा नुसता तिळपापड होते.

यंदा कुठं बढतीच्या यादीत माहं नाव लागलं होतं. तेवढ्यात नव्या पाणीयोजनेसाठी सल्लागार नेमाचं ठरलं. निविदेच्या अटी लिहाचं काम माह्याकडं आलं, अन् दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"नीलम, मी बी भरून राहिली वं हे टेंडर."

बाप्पा! म्हणजे मी फायली घेऊन उभी राहू, अन् ही खुर्चीत बसून मले शिकवन? म्या अट टाकली: खारपाणपट्ट्यातल्या गावांत, खाऱ्या पाण्याच्या कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव पायजे. मनात म्हटलं, ये आता पुण्याहून.

पहिल्या खेपेले एकच लिफाफा आला. एकटा लिफाफा उघडत नसतात, म्हणून फेरनिविदा काढली. दुसऱ्यांदा बी एकच. तिसऱ्या खेपेले एकटा असला तरी उघडता येते. उघडाच्या दिवशी समोर हजर कोण? जुईली!

तिचे दाखले पाहून मी गारच पडली. सतरा वर्षं ती पूर्णाकाठच्या गावागावांत खारं पाणी तपासत फिरली होती. पुण्याले तिचं सासर, दिवाळीपुरती जाते. म्या कधी विचारलंच नोतं.

"अट तं माह्यासाठीच लिहिली वाटते वं, कॉलेजची मैत्री आठवून," ती हसून म्हणाली. मुख्याधिकारी साहेब काही हसले नाहीत.

आठ दिवसांत मले नोटीस आली. कॉलेजच्या मैत्रिणीला काम मिळावे म्हणून अट घातली, असे का समजू नये? सात दिवसांत लेखी खुलासा करा. बढती तोवर थांबली.

संध्याकाळी जुईलीचा फोन आला. ती रडत होती. "माह्यासाठी एवढं काहून केलं वं तू? अन् मी समजत होती, तुले मी आवडतच नाही."

मले तिचं रडणंही सहन झालं नाही. सकाळी खुलासा लिहिला: 'सदर अट जुईली यांना काम मिळू नये म्हणून मी घातली. मला त्यांचा मत्सर वाटतो.' खाली सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं अन् कागद माह्याकडं सरकवला.

"मॅडम, मैत्रिणीसाठी एवढं खोटं लिहू नका. खरं काय ते लिहून आणा."