साक्षीच्या पिंजऱ्यातले गठ्ठे

मित्रांनो, मी कोर्टातला एक जुना साक्षीचा पिंजरा आहे. पिंजरा म्हणतात, पण दार नाही मला. तीन बाजूंनी कठडा आणि चढायला एक पायरी, एवढाच माझा संसार. सुताराने कठडा मुद्दाम गोल घासला. "माणसं घट्ट धरून उभी राहणार, हाताला टोचायला नको," म्हणाला.

तशी ती राहिलीही. कितीतरी जणांनी माझ्यात उभं राहून बेधडक थापा मारल्या, काहींनी रडत रडत खरं सांगितलं. वकील मला थोपटून म्हणायचे, भक्कम आहे हो. पुढे या दालनात सरकारविरुद्धच्या याचिका येऊ लागल्या. तिथे साक्ष नाही, नुसते कायद्याचे मुद्दे. माझं काम सुटलं. शिपाई माझ्यात कागदांचे गठ्ठे रचू लागला.

एकदा सरकारने काढून टाकलेल्या परिचारिकांच्या याचिका आल्या, सगळ्या एकाच दोरीत बांधलेल्या. जाहिरात न देता नेमलेल्यांना नोकरीवर हक्क नाही, असं सरकारचं म्हणणं. त्यातल्या एक बाई लेकीला घेऊन आल्या आणि माझा कठडा धरून उभ्या राहिल्या.

"वकीलसाहेब, माझ्या जागेची जाहिरात निघाली होती. मुलाखतही झाली होती. तेवढं सांगाल ना?"

"कागदात आहे सगळं, ताई. काळजी करू नका."

पहिल्या याचिकेचे मोठे वकील सगळ्यांच्या वतीने कायद्याच्या मुद्द्यांवर बोलले. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "कोणाचं काही वेगळं आहे?"

मागे बसलेले बाकीच्या याचिकांचे वकील एकेक करून अर्धवट उठले. बाईंचे वकीलही उठले. "आमचंही तेच म्हणणं," म्हणाले आणि बसले.

बाईंची बोटं माझ्यावर आवळली. माझा जीव तुटत होता. एक पायरी चढून त्या वर आल्या असत्या, पण माझ्यात उभं राहायला जागाच कुठे होती?

निकाल तिथेच सांगितला. सगळ्या याचिका फेटाळल्या.

बाईंनी शिपायाला हळूच विचारलं, "दादा, माझं नाव घेतलं का हो?"

"पहिल्या बाईंचं घेतलं ना? पुढे 'आणि इतर' म्हणाले, त्यात आलात तुम्ही."

लेकीने आईची बोटं एकेक करून माझ्यावरून सोडवली आणि तिला बाहेर नेलं.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. माझ्यातले गठ्ठे तेवढे उतरवा. आणि उद्या तुम्ही कोणाच्या वतीने बोलायला उठलात, तर खाली बसण्याआधी एकदा मागे वळून बघा. तिथे कोणीतरी कठडा धरून उभं असेल.